वाढीव जागा आणि मराठी पालकाची सही

वैद्यकीय महाविद्यालयांच्या वाढीव जागांवरून चालणारे कोर्टकज्जे हा सीमाभागातील वाचकाला दूरचा विषय वाटण्याचा संभव आहे. दिल्लीत आयोग बसतो, संस्थाचालक बंगळूर-मुंबईत बसतात, त्यांचे नामांकित वकील न्यायालयात उभे राहतात. खानापूर किंवा निपाणी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा त्यात काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो एका सहीतून येतो. ज्या वर्षी एखाद्या महाविद्यालयाच्या जागा वादात असतात त्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या पालकाकडून एक हमीपत्र लिहून घेतले जाते. हा प्रवेश तात्पुरता असून न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहील, अशा अर्थाचे एक कलम त्यात कोठेतरी मध्यावर असते. ते इंग्रजीत असते. सूचना इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतात. आमचा मराठी पालक खाली सही करतो, ती मात्र मराठीत.

आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. दहावी-बारावीनंतरही गावातली मुले आणि त्यांचे आईवडील कागद घेऊन आमच्याकडेच येतात, कारण गावात कागद वाचणारा दुसरा कोण? त्यामुळे हा विषय आम्हाला टाळता आलेला नाही.

मुळात जागा वाढवायला परवानगी का लागते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. एके काळी ही परवानगी म्हणजे राज्य सरकार आणि विद्यापीठ यांच्या मर्जीचा मामला होता. कर्नाटकात खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे पीक आले ते याच काळात. कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा राज्याने १९८४ साली केला खरा, पण १९८९ च्या अधिसूचनेने शुल्काचे तीन भाव ठरवून दिले. सरकारी जागेवरील विद्यार्थ्याला वर्षाला २ हजार रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्याला २५ हजारांपर्यंत आणि परराज्यातल्या विद्यार्थ्याला ६० हजारांपर्यंत. मेरठच्या मोहिनी जैन यांनी तुमकूरच्या महाविद्यालयातील शुल्काविरुद्ध दाद मागितली आणि ३० जुलै १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. शिक्षणाच्या हक्काचा हा ऐतिहासिक निकाल म्हणून तो सांगितला जातो. परंतु त्या निकालात स्वतः मोहिनी जैन यांना प्रवेश मिळाला नाही, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कायदा जिंकला, विद्यार्थिनी बाहेरच राहिली. पुढच्या तीस वर्षांत हे चित्र पुन्हा पुन्हा दिसले आहे, म्हणून त्याची आठवण ठेवायची.

त्यानंतर संसदेने १९९३ साली भारतीय वैद्यक परिषद कायद्यात दुरुस्ती करून कलम १०-अ घातले. नवे महाविद्यालय काढणे, नवा अभ्यासक्रम सुरू करणे आणि प्रवेशक्षमता वाढवणे, या तिन्हींसाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. पूर्वपरवानगी म्हणजे आधीची परवानगी. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण पुढचे बहुतेक वाद आधी मुले भरायची आणि मग परवानगी मागायची या सवयीतून निर्माण झाले. विनापरवानगी वाढवलेल्या जागांवरची पदवी ग्राह्य धरली जाणार नाही, असेही त्याच दुरुस्तीत लिहिले आहे. तरीही कर्नाटकात वाद थांबला नाही. राज्याचा विद्यापीठ कायदा आणि कॅपिटेशन फीचा कायदा यांच्या आधारे जागा ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे, अशी भूमिका मांडली गेली. अखेर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यक परिषद विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केले की, परिषदेच्या नियमांना कायद्याचे बळ आहे आणि केंद्राने ठरवलेल्या संख्येपलीकडे राज्याला किंवा विद्यापीठाला जाता येणार नाही.

परिषद मात्र स्वतःच गाळात गेली. २०१० साली परिषदेच्या अध्यक्षांनाच लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली, परिषद बाजूला सारून कारभार नियुक्त मंडळाकडे देण्यात आला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने परिषदेवर देखरेख ठेवण्यासाठी माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली. २०१९ चा नवा कायदा आला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग काम पाहू लागला. आता परवानगीचा अर्ज आयोगाच्या मूल्यांकन मंडळाकडे जातो. मंडळाने सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नकार आल्यास आयोगाकडे अपील, तेथेही नकार आल्यास केंद्र सरकारकडे दुसरे अपील आणि मग उच्च न्यायालय.

कागदावर ही व्यवस्था चांगली दिसते. अडचण कॅलेंडरची आहे. नकाराचे पत्र येते तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या तोंडावर असतात. संस्था उच्च न्यायालयात धावते. न्यायालयापुढे प्रकरण येते तेव्हा शेवटची तारीख दोन-चार दिवसांवर असते. त्रुटी खऱ्या की खोट्या हे तपासायला कोणालाच सवड नसते. मग अंतरिम आदेश निघतो की, याचिकेच्या निकालाच्या अधीन राहून प्रवेश द्यावेत. प्रवेशांचे वेळापत्रक काटेकोर पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच मृदुल धर प्रकरणात बजावले होते. तरी प्रत्येक हंगामात हीच धावपळ. एकदा मुले आत आली की संस्थेचे काम झाले. पुढच्या तारखेला संस्थेचा वकील त्रुटींबद्दल बोलत नाही, मुलांच्या भवितव्याबद्दल बोलतो. मुले ही संस्थेची ढाल होतात. ढालीवर घाव बसतो तेव्हा तो कोणाच्या अंगावर उमटतो हे सांगायला नको.

भुवनेश्वरच्या एका मोठ्या खासगी संस्थेचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १०० च्या १५० जागा करण्याचा तिचा प्रस्ताव तपासणीनंतर नाकारला गेला. उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर २०१५-१६ साठी ५० मुले जादा घेण्यात आली. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या या हस्तक्षेपावर नापसंती व्यक्त केली. तज्ज्ञांच्या तपासणी अहवालावर न्यायालयाने स्वतःचे मत लादू नये, असे सांगितले आणि मुलांच्या भवितव्याशी खेळ केल्याबद्दल संस्थेवर ५ कोटी रुपयांचा खर्च बसवला. मुलांचे प्रवेश मात्र अबाधित ठेवले. मुले वाचली हे चांगलेच झाले. पण एका व्यापाऱ्याच्या नजरेने या निकालाकडे पाहा. ५० जागांची साडेचार वर्षांची फी आणि ५ कोटींचा एकदाच भरायचा दंड, यांचा हिशेब कोणताही संस्थाचालक बोटांवर करू शकतो.

प्रत्येक वेळी मुले सुखरूप सुटतात असेही नाही. उत्तर प्रदेशातील उन्नाव येथील एका महाविद्यालयाने २०१७-१८ साली ठरलेली प्रक्रिया डावलून १३२ मुले आपल्या अखत्यारीत घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला तेव्हा संस्थेला ५ कोटी भरायला सांगण्यात आले आणि मुलांना शिक्षण पूर्ण झाल्यावर दोन वर्षे समाजसेवा करण्याची अट घातली गेली. समाजसेवा वाईट नव्हे. आमच्या खेड्यांत असा डॉक्टर दोन वर्षे आला तर आम्ही त्याला हार घालू. पण शिक्षा म्हणून खेड्यात पाठवलेला डॉक्टर, ही कल्पना खेड्यांविषयी बरेच काही सांगून जाते. शिवाय मधली जवळजवळ साडेतीन वर्षे त्या १३२ घरांनी कशी काढली असतील? सीमाभागातल्या माणसाला न्यायालयाच्या तारखा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याकडे डोळे लावून आमच्या शाळांतून कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या.

आपल्याला जवळचे उदाहरण धुळ्याचे. तेथील एका खासगी महाविद्यालयाला १०० च्या १५० जागा करण्याची परवानगी मिळाली होती. जानेवारी २०२२ मध्ये ऐन संक्रांतीच्या सुमारास आयोगाच्या पथकाने अचानक तपासणी केली आणि त्यानंतर परवानगी मागे घेण्यात आली. औरंगाबाद खंडपीठाने महाविद्यालयाला दिलासा दिला, तेव्हा आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. बालरुग्ण विभागात ठेवलेली मुले ठणठणीत होती, हे अहवालातील वाक्य वाचून न्या. चंद्रचूड यांना 'मुन्नाभाई' चित्रपट आठवला. सणाच्या दिवशी पूर्वसूचना न देता तपासणी केली, अशी संस्थेची तक्रार होती. त्यावर, रोग काही संक्रांतीला थांबत नाहीत, अशा आशयाचे उत्तर तिला मिळाले. वर्तमानपत्रांनी हा मजकूर चवीने छापला, आम्हीही चवीने वाचला. पण निरोगी मुलांना खाटांवर निजवून वॉर्ड भरलेला दाखवता येतो, असा संशय ज्या व्यवस्थेबद्दल देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बोलून दाखवला जातो, तिच्यातून बाहेर पडणारा डॉक्टर उद्या आपल्या नातवाची नाडी बघणार आहे.

खाटांचा हिशेब पालकांनी समजून घेण्यासारखा आहे. आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांसाठी ४२० खाटांचे आणि १५० जागांसाठी ६०५ खाटांचे रुग्णालय लागते. म्हणजे ५० मुले वाढवायची तर १८५ खाटा वाढवायला हव्यात, त्या खाटांवर खरे रुग्ण हवेत आणि त्या रुग्णांना तपासणारे शिक्षक हवेत. बाके वाढवून वर्ग वाढवता येतो, ते आमच्या शाळेत. वैद्यकीय विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक रुग्ण हेच आहे, आणि ते छापखान्यात मिळत नाही. त्यामुळे परवानगीची अट म्हणजे सरकारी लालफीत, हे संस्थाचालकांचे पालुपद आम्हाला मान्य नाही.

तसे म्हणून तपासणाऱ्यांना धुतल्या तांदळाचे समजायचे कारण नाही. २०२५ साली कर्नाटकातील एका खासगी महाविद्यालयाला अनुकूल अहवाल देण्यासाठी १० लाख रुपये घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने एका तपासनीस डॉक्टरवर कारवाई केली. आयोगाने त्याला काळ्या यादीत टाकले आणि त्या महाविद्यालयाच्या जागांचे २०२५-२६ साठी नूतनीकरण न करण्याचे ठरवले. आरोप सिद्ध व्हायचा तेव्हा होईल. परंतु संस्था नकाराच्या पत्राला कोर्टात आव्हान देते तेव्हा तिच्या बाजूने बोलायला असे प्रकार पुरावा म्हणून उपयोगी पडतात. अहवाल विकत मिळतो म्हटल्यावर प्रामाणिक नकारही संशयास्पद ठरतो. सरकारी महाविद्यालयांना सवलतीचे माप लावण्याची रीतही बरी नव्हे. महाराष्ट्राने २०२४ साली प्रस्तावित केलेल्या सरकारी महाविद्यालयांना आयोगाने प्रथम त्रुटी दाखवून नकार दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दहा महाविद्यालयांचे उद्घाटनही झाले. या थोड्या महिन्यांत प्राध्यापक कोठून उगवले, हा प्रश्न महाराष्ट्राविषयी पूर्ण आत्मीयता बाळगून आम्ही विचारतो.

देशात २०१४ पूर्वी एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२५ पर्यंत त्या १ लाख १८ हजारांच्या वर गेल्या. त्याच वर्षी नीट परीक्षेला २२ लाखांहून अधिक मुले बसली. एवढ्या आकड्यांपुढे जागा वाढवू नका असे कोणता शिक्षक म्हणेल? ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने दर १० लाख लोकसंख्येमागे १०० जागा अशी मर्यादा घातली, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांनी विरोध केला. त्यात तथ्य होते. २०११ च्या शिरगणतीनुसार कर्नाटकाची लोकसंख्या ६ कोटी ११ लाख, म्हणजे सहा हजारांच्या आसपास जागा. प्रत्यक्षात तेव्हाच राज्यात ११ हजारांहून अधिक होत्या. नोव्हेंबरमध्ये आयोगाने ही अट पुढे ढकलली. आमचे म्हणणे निराळे आहे. राज्याची सरासरी काढली की बंगळूर-मंगळूरची गर्दी आणि कणकुंबीच्या जंगलातली वस्ती एकाच आकड्यात बुडून जाते. खानापूर तालुक्यातला रुग्ण बेळगावला जातो, नाही तर गोव्यात बांबोळीला, आणि तेथे २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क मोजावे लागते. जागा वाढवायच्या तर जिल्हा पाहून वाढवा.

आता भाषेकडे येऊ. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. पण परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत मराठी हा पर्याय महाराष्ट्रातील केंद्रांपुरता दिलेला असतो. बेळगावात केंद्र असून बेळगावच्या मराठी मुलाला मराठी प्रश्नपत्रिका हवी तर कोल्हापूर गाठावे लागते. आपली बहुतेक मुले अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून करतात, त्यामुळे किती जणांना ती लागेल हा प्रश्न वेगळा. पण ज्याला हवी त्याने हद्द ओलांडावी, हा नियम कोणत्या न्यायाचा?

प्रवेशाच्या पात्रतेतही हद्द आडवी येते. कर्नाटकातील सरकारी कोट्यासाठी राज्यात किमान सात वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. पलीकडे गडहिंग्लज, जत, अक्कलकोट येथील कन्नड भाषकांसाठी कर्नाटकाने गडिनाडू म्हणून सवलत ठेवली आहे. महाराष्ट्राने वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी मुलांसाठी बोटांवर मोजण्याइतक्या जागा राखल्या आहेत. दोन्ही सवलती योग्यच आहेत. त्यांची कलमे मात्र अशी की, पाचवीपर्यंत बेळगावात, पुढे मामाकडे चंदगडला आणि बारावीला परत बेळगावात शिकलेला मुलगा दोन्हीकडे अडखळण्याची शक्यता असते. हे दाखले गोळा करताना पालकाचा जीव मेटाकुटीला येतो, आणि अशा दमलेल्या पालकासमोर शेवटच्या फेरीत ती वादातली जागा येते. हातची सोडवत नाही. सही होते.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या अखिल भारतीय योजनेत, ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे आहे. मराठी परिपत्रकांची मागणी समितीने किती वेळा केली त्याची नोंद ठेवायला वही पुरणार नाही. आतापर्यंत ही मागणी उताऱ्यांची, पाणीपट्टीच्या बिलांची आणि मतदार याद्यांची होती. प्रवेशाच्या अटी तिच्यात घातल्या पाहिजेत. कोणाला ही मागणी कन्नडविरोधी वाटेल. तशी ती नाही. कन्नड पालकालाही ते इंग्रजी कलम कन्नडमध्ये मिळायला हवे.

टी. एम. ए. पै प्रकरणात ३१ ऑक्टोबर २००२ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असा निर्णय दिला. त्यामुळे कर्नाटकात मराठी भाषक अल्पसंख्याक ठरतात आणि घटनेच्या ३० व्या कलमाखाली आपल्या संस्था काढण्याचा हक्क त्यांना पोचतो. आपल्या भागातही स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय हवे, असे भाषण सभांतून अधूनमधून होते. टाळ्याही पडतात. हा हक्क परवानगीतून सूट देत नाही, हे भाषण करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. खाटा, शिक्षक आणि रुग्ण यांची अट मराठी संस्थेलाही तशीच लागू होईल, आणि झालीच पाहिजे. आपल्या मुलांना अर्धवट रुग्णालयात शिकवायचे आणि वर मराठीचे नाव लावायचे, हे आम्हाला चालणार नाही.

आमची मागणी प्रवेश प्राधिकरणाकडे आहे. ज्या महाविद्यालयाच्या जागांबाबत अपील किंवा याचिका चालू असेल त्याच्या नावापुढे जागावाटपाच्या यादीतच तशी खूण असावी, वादातल्या जागा किती हे लिहावे आणि हमीपत्र सीमाभागात मराठीतही मिळावे. अंतरिम आदेशावर प्रवेश द्यायचेच झाले तर निकाल विरुद्ध गेल्यास फी परत करण्याची हमी संस्थेकडून आधी घ्यावी. हमीपत्र पालकानेच का द्यायचे? पालकांनी तोवर एवढे करावे. महाविद्यालयाचे त्या वर्षाचे परवानगीपत्र मागावे, मागच्या वर्षाचे नव्हे. त्यावरचा जागांचा आकडा पाहावा. पत्रात 'अधीन', 'सशर्त', 'तात्पुरते' या अर्थाचा इंग्रजी शब्द दिसला तर सही करण्यापूर्वी तो कागद घेऊन यावे. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की दर रविवारी सकाळी समितीच्या कार्यालयात आमच्यापैकी दोघे शिक्षक बसतील आणि कागद मराठीत वाचून देतील. झेरॉक्स आणली तर बरे. मूळ कागद घरी जपून ठेवावा.